मृगाच्या आधी कागद: अकोल्यात केलेलं कृषी अभियांत्रिकीचं एम.टेक.

बी.टेक. कृषी अभियांत्रिकी करून नोकरीला लागलेल्या आणि आता परत शिकावं का, या विचारात अडकलेल्या मुलामुलींसाठी हे लिहितेय. मीही तिथेच होते. २०२० मध्ये कोरोनाच्या गोंधळात पदवी झाली. त्यानंतर दोन खरीप वाशिम जिल्ह्यात, घराजवळच, ठिबकच्या एका वितरकाकडे काम केलं. शेताची मोजणी, आराखडा, अनुदानाच्या फायली. पगार महिना ११ हजार. काम वाईट नव्हतं, पण शेतकरी जे विचारायचे त्यातलं बरंचसं ठिबकचं नसायचंच. "पाणी साचलं का सोयाबीन पिवयं पडते, अन् पंधरा दिस उघाड देल्ली का तेच वावर भेगा पाडते. मंग कराव काय?" पेरणीची रुंद सरी वरंबा पद्धत, म्हणजे सगळे ज्याला बीबीएफ म्हणतात, ती मला पुस्तकातून माहीत होती. पण कोणाच्या वावरात उभं राहून ठामपणे सांगावं एवढं येत नव्हतं. परत शिकायला जायचं मुख्य कारण हेच.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण सगळ्यात जास्त धावपळ तिच्यामुळे झाली. प्रबंधाचा प्रयोग शेतावरचा असेल तर या पदवीचं खरं वेळापत्रक पाऊस ठरवतो. सत्र कधी सुरू होतं, परीक्षा कधी आहे, याला तितकं महत्त्व नाही. जूनमध्ये पेरणी झाली नाही तर पुढची पेरणी थेट पुढच्या जूनमध्ये. म्हणून सगळे कागद, सगळ्या सह्या मृगाच्या आधी हातात असायला हव्यात. पुढे जे सांगतेय त्यातलं बरंचसं या एका गोष्टीभोवतीच फिरतं.

२०२२ च्या जानेवारीत ठरवलं. घरी बाबांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "दोन वर्षं का तीन?" मी दोन म्हणाले. आईची काळजी वेगळी होती, माझं वय २४ होतं आणि स्थळं येत होती. त्यावर घरात जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही, पण ज्या मुलींना हे वाचताना तोच प्रश्न पडलाय त्यांना एवढंच सांगते की मी तारीख ठरवून मागितली होती. 'प्रबंध जमा होईपर्यंत विषय नको.' तारीख दिली की घरच्यांनाही धरायला काहीतरी मिळतं.

प्रवेशाचे रस्ते तीन. पहिला राज्याचा. अकोला, राहुरी, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांचे पदव्युत्तर प्रवेश महाराष्ट्र कृषी शिक्षण व संशोधन परिषदेमार्फत, सामाईक प्रवेश परीक्षेच्या गुणांवर होतात. दुसरा भारतीय कृषी संशोधन परिषदेचा, म्हणजे आयसीएआरचा. मी दिली त्या वर्षी त्या पेपरात १२० प्रश्न, १२० मिनिटं, बरोबर उत्तराला ४ गुण आणि चुकलेल्याला १ वजा, अशी पद्धत होती. तिसरा गेटचा. त्यात कृषी अभियांत्रिकीचा स्वतंत्र पेपर असतो, तीन तासांचा, ६५ प्रश्नांचा, आणि त्याच्या गुणांवर आयआयटी खरगपूरसारख्या ठिकाणी जाता येतं. मी पहिल्या दोन परीक्षा दिल्या. गेटचं गणित नोकरी सांभाळून दोन-तीन महिन्यांत आटोक्यात येईल असं वाटलं नाही, आणि मला प्रयोग विदर्भाच्या काळ्या मातीतच करायचा होता.

अभ्यास रात्री नऊ ते बारा. पदवीच्या वह्या जपून ठेवल्या होत्या, त्यांचा फार उपयोग झाला. कृषी अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम पसरट आहे: ट्रॅक्टर आणि अवजारं, मृद व जलसंधारण, सिंचन आणि निचरा, प्रक्रिया, ऊर्जा. सगळ्यात सारखं डोकं घालण्यापेक्षा मी जलविज्ञान, धूप, पंप आणि अवजारांची गणितं पक्की केली. सूत्रं पाठ करण्यात अर्थ नाही. एकक बदलून विचारतात तेव्हा पाठांतर कामाला येत नाही. मिलिमीटर पाऊस गुणिले हेक्टर म्हणजे किती घनमीटर पाणी, हे झोपेतून उठवलं तरी सांगता आलं पाहिजे. १ हेक्टरवर १ मिमी म्हणजे १० घनमीटर, म्हणजेच १० हजार लिटर. पुढे शेतावर काम करताना हाच हिशेब रोज लागला.

आता कागदांकडे येते. रहिवासी दाखला, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमिलेयर, उत्पन्नाचा दाखला, पदवीची सगळी गुणपत्रकं, स्थलांतर प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, आणि माझ्यासारखा मधे खंड असेल तर त्याचं शपथपत्र. जात वैधता पदवीच्या वेळी काढलेली चालली. ती मूळ प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत ठेवा, कारण दुसरी काढायची वेळ येणं फार जिवावर येतं. नॉन-क्रिमिलेयरवर ३१ मार्चपर्यंतची मुदत छापलेली असते आणि त्यासाठी तीन वर्षांचं उत्पन्न दाखवावं लागतं. त्यामुळे आधी तलाठ्याकडचा अहवाल, मग उत्पन्नाचा दाखला, मग नॉन-क्रिमिलेयर, असा क्रम लागतो. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी एका कार्यालयात मी बरेच दिवस खेटे घातले. कधी सर्व्हर बंद, कधी साहेब दौऱ्यावर. त्यातून एवढं शिकले की अर्ज केल्याची पावती हातात असल्याशिवाय तिथून हलायचं नाही आणि पावतीवरच्या क्रमांकाचा फोटो लगेच काढायचा. दाखल्यांच्या नावात आणि आधारवरच्या नावात एका अक्षराचाही फरक असेल तर तो प्रवेशाच्या आधी दुरुस्त करून घ्या. माझ्या वर्गातल्या एकीची शिष्यवृत्ती 'ई' आणि 'इ'च्या फरकावर अडली होती.

आयसीएआरच्या यादीत मला बाहेरच्या राज्यातली जागा मिळत होती. ती सोडली. राज्याच्या फेरीत डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात, अकोल्याच्या कृषी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान महाविद्यालयात, मृद व जलसंधारण विभागात नाव लागलं. त्या वर्षी कोरोनामुळे सगळंच पुढे सरकलं होतं, म्हणून दिवाळी उलटून गेल्यावर वर्ग सुरू झाले. शुल्काचा आकडा मुद्दाम देत नाही, तो वर्गवारीप्रमाणे आणि वर्षाप्रमाणे बदलतो. पण शुल्काशिवायचा पहिल्या महिन्याचा खर्च धरून ठेवा: वसतिगृहाची अनामत, गादी, बादली, मेसचं आगाऊ, झेरॉक्स, शपथपत्राचे मुद्रांक. माझे नऊ हजारांच्या आसपास गेले. मेस महिना तीन हजार. महाडीबीटीचा, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरचा, अर्ज मी त्याच आठवड्यात भरला. पैसे पुढच्या शैक्षणिक वर्षातच हाती आले, म्हणून पहिलं वर्ष स्वतःच्या बचतीवर काढायची तयारी ठेवा. बँक खातं आधारला जोडलेलं आहे हे बँकेत जाऊन विचारा. मोबाईलवर दिसतं त्यावर थांबू नका.

एकूण ७० श्रेयांकांचा, म्हणजे क्रेडिट्सचा, हा अभ्यासक्रम. त्यातले ४० वर्गातले आणि परिसंवादाचे, ३० संशोधनाचे. मुख्य विषयाचे २०, गौण विषयाचे ८, पूरक ६, सगळ्यांना सामाईक असलेले ५ आणि परिसंवादाचा १. हे पहिल्याच आठवड्यात कागदावर मांडून बघा. कोणत्या सत्रात किती घ्यायचे हे मार्गदर्शकांसोबत ठरवता येतं, आणि त्यावरच शेताला वेळ मिळतो की नाही हे ठरतं.

पहिल्या सत्रात मला सगळ्यात जड गेली ती सांख्यिकी. दहावीपर्यंत मराठी शाळा, आणि इथे पाटीवर 'एरर सम ऑफ स्क्वेअर्स' चाललेलं. भीती वाटायची. एका ज्येष्ठ ताईनं सांगितलं की एकदा हातानं सोडव, कॅल्क्युलेटर घेऊन, सगळी बेरीज स्वतः कर. एका रविवारी २० प्लॉटचं जुनं उदाहरण घेऊन बसले आणि संध्याकाळपर्यंत ते सुटलं. प्लॉटा-प्लॉटांतला फरक उपचारामुळे (म्हणजे आपण मुद्दाम बदललेल्या पद्धतीमुळे) किती, जमिनीच्या चढउतारामुळे किती आणि ज्याचं कारण सापडत नाही तो किती, एवढंच तर वेगळं करायचं असतं. मग संगणकावर करायला हरकत नाही.

मार्गदर्शक म्हणून मॅडम मिळाल्या. जानेवारीत त्यांनी मला समोर बसवून विचारलं, "हा खरीप की पुढचा?" प्रश्नाचं वजन मला तेव्हा कळलं. आमचे वर्ग उशिरा सुरू झाल्यामुळे २०२३ चा खरीप दुसऱ्याच सत्रात येत होता. एरवी मुलं तिसऱ्या सत्रात संशोधनाला लागतात. पण तिसऱ्या सत्राची वाट पाहिली असती तर पेरणी २०२४ च्या जूनमध्ये, काढणी ऑक्टोबरमध्ये, आणि प्रबंध २०२५ मध्ये. घरी मी दोन वर्षांचा शब्द दिला होता. मी 'हाच' म्हणाले.

त्यानंतरचे चार महिने कागदांचे. आधी सल्लागार समिती. अध्यक्ष म्हणजे मार्गदर्शक, बाकी सदस्य, आणि त्यात गौण विषयाचा सदस्य दुसऱ्या विभागातला. मग संशोधनाची रूपरेषा, म्हणजे सगळे ज्याला ओआरडब्ल्यू म्हणतात ती. शीर्षक, उद्दिष्टं, आधी काय काम झालंय, साहित्य आणि पद्धती, मांडणीचा नकाशा, सत्रवार काम. मग विभागात सगळ्यांपुढे सादरीकरण. माझ्या पहिल्या मसुद्यात पाच उद्दिष्टं होती. मॅडमनी पेन घेऊन तीन ठेवली आणि म्हणाल्या, "एका खरिपात तुझे दोन हात किती मोजतील ते बघ."

ठरलं ते असं. सोयाबीन, मध्यम खोल काळी जमीन, चार उपचार, पाच पुनरावृत्ती, म्हणजे २० प्लॉट. पहिला उपचार शेतकरी करतात तशी सपाट पेरणी. दुसरा सपाट पेरून साधारण महिन्याभरानं डवऱ्याला (बैलांनी ओढायच्या कोळप्याला) दोरी गुंडाळून सऱ्या काढणं. हा उपाय विदर्भात जुना आहे आणि त्याला दोरीपलीकडे काही खर्च नाही. तिसरा बीबीएफ, चार ओळींचा रुंद वरंबा आणि दोन्ही बाजूंना सरी. चौथा बीबीएफवर कुटाराचं (मळणीनंतरच्या भुशाचं) आच्छादन. मोजायचं काय, तर जमिनीतला ओलावा तीन थरांत, वाहून जाणारं पाणी, आणि शेवटी उत्पन्न. काळ्या जमिनीसाठी रुंद वरंब्याची ही कल्पना १९७० च्या दशकात हैदराबादजवळ पाटनचेरूला इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेत आकाराला आली. पण आपल्याकडे ट्रॅक्टरमागे लागणाऱ्या पेरणी यंत्रामुळे ती वावरात पोचली.

प्रयोग शेतकऱ्याच्या शेतावर घ्यायचा होता. बार्शीटाकळी तालुक्यातलं एक गाव मिळालं. शेतमालक काकांनी एका अटीवर जमीन दिली की त्यांच्या नेहमीच्या पेऱ्याला अडथळा नको. मी हे सगळं साध्या कागदावर लिहून, दोघांच्या सह्या करून ठेवलं: किती क्षेत्र, बियाणं-खत कोणाचं, निघालेलं सोयाबीन कोणाचं. पुढे कोणाच्या मनात काही राहू नये म्हणून हे करा. बियाणं, खत, मजुरी माझी आणि माल काकांचा, असं ठरलं होतं.

सह्यांच्या बाबतीत एक सांगते. मे महिन्यात प्राध्यापक मंडळी परीक्षा, प्रशिक्षणं, खरीपपूर्व मेळावे यांत गुंतलेली असतात. त्यामुळे एप्रिलच्या आत सादरीकरण उरकून घ्या. माझी शेवटची सही मेच्या अखेरीस झाली. त्या रात्री मला गाढ झोप लागली.

मेमध्ये अकोल्याचं ऊन ४५ अंशांना टेकतं. प्लॉटची आखणी आम्ही पहाटे पाच ते नऊ या वेळात केली. टेप, दोरी, चुना, खुंट्या आणि डम्पी लेव्हल. जमिनीचा उतार नीट मोजल्याशिवाय सऱ्यांची दिशा ठरवता येत नाही. वाहून येणारं पाणी मोजायला प्रत्येक उपचाराच्या एका प्लॉटच्या खालच्या टोकाला बांध घालून ड्रम पुरला. ड्रमच्या आधी पाण्याचे समान भाग करणारी खाचांची पेटी लावली, म्हणजे सगळं पाणी साठवावं लागत नाही, एकाच खाचेतलं मोजून गुणाकार करता येतो. या पेट्या मी अकोल्यात एका फॅब्रिकेशनवाल्याकडून पत्रा कापून करून घेतल्या. नकाशा दिला तर ते करून देतात, फक्त सगळ्या खाचा एका मापाच्या आहेत ना हे तिथेच उभं राहून तपासा. ड्रम, पेट्या आणि मजुरी धरून १२ हजारांच्या वर गेले.

आणि मग पाऊस येईना. २०२३ हे एल निनोचं वर्ष. मृग कोरडा गेला. रोज सकाळी काकांना फोन, आणि रोज तेच उत्तर, "आभाय येते अन् जाते, बाई." दुसरीकडे दुसऱ्या सत्राचे वर्ग चालू. २३ जूनच्या आसपास मोसमी पाऊस विदर्भात पोचला, पण ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्याशिवाय पेरू नये हे आम्हीच शेतकऱ्यांना सांगतो, तेव्हा मलाही थांबणं भाग होतं. शेजारच्या वावरात तिफणी चालू झालेल्या दिसत होत्या आणि मी पर्जन्यमापक बघत बसले होते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात वापसा, म्हणजे पेरता येईल अशी ओल, आली. अवजार बँकेतून बीबीएफ यंत्र आणि ट्रॅक्टर भाड्यानं आणला, आणि एका दिवसात २० प्लॉट पेरले. वाण जेएस ३३५. नव्या वाणांचा मोह होता, पण काका आणि आजूबाजूचे तेच पेरतात, म्हणून तेच घेतलं.

पर्जन्यमापकाची नोंद रोज सकाळी साडेआठला घ्यायची असते, आणि मी रोज अकोल्याहून जाऊ शकत नव्हते. काकांची मुलगी दहावीत होती. तिला मी पाणी मोजायच्या काचपात्रात डोळ्याच्या रेषेत कसं वाचायचं ते शिकवलं. ती रोज वहीत लिहायची आणि पात्राचा फोटो पाठवायची. तिला महिन्याला ठरावीक मानधन दिलं. ते प्रयोगाच्या खर्चात आधीच धरा. तिच्या नोंदींमुळे माझ्या सारणीत एकही जागा रिकामी राहिली नाही. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात तिचं नाव आहे.

जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात यवतमाळ, बुलढाणा, अकोल्यात पावसानं कहर केला. एका सकाळी पोचले तेव्हा सपाट प्लॉटमध्ये घोट्यापर्यंत पाणी, पानं फिकी पडायला लागलेली, आणि वीस पावलांवर बीबीएफच्या सऱ्यांतून पाणी वाहून चाललेलं, वरंब्यावरची झाडं हिरवीगार. काका बांधावर माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. बराच वेळ आम्ही दोघंही बघत होतो. मग म्हणाले, "हे खरं हाय तं." पुस्तकातलं वाक्य डोळ्यांपुढे घडताना बघितल्यावर मला भरून आलं.

ओलाव्याचे नमुने म्हणजे या कामातला सगळ्यात कष्टाचा भाग. ऑगरनं, म्हणजे माती काढायच्या गिरमिटानं, १५, ३० आणि ४५ सेंटिमीटरपर्यंतची माती काढायची, क्रमांक घातलेल्या ॲल्युमिनियमच्या डबीत भरायची, झाकण लावायचं, आणि ओलं वजन त्याच दिवशी करायचं. नंतर भट्टीत १०५ अंशांना २४ तास, आणि परत वजन. २० प्लॉट, तीन थर, म्हणजे एका वेळी ६० डब्या. त्या दोन पिशव्यांत घालून एसटीनं आणायच्या. त्याच मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं होतं, त्यानं माझ्या खर्चाला खरोखर हात दिला. एकदा बसमधल्या आजीनं विचारलं, "माती कायले नेतं वं माय, अकोल्याले माती नाई का?" मी सगळं समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "मंग आमच्याबी वावरातली नेत जाय." डबीवर आणि झाकणावर दोन्हीकडे क्रमांक कोरून घ्या, मार्करनं लिहिलेला भट्टीत उडतो. प्रयोगशाळेतल्या भट्टीला नंबर असतो, म्हणून नमुने काढायच्या आधीच वहीत नाव टाकून ठेवा.

ऑगस्ट मात्र कोरडा गेला. १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वात कोरडा ऑगस्ट होता तो. जमिनीला बोट जाईल अशा भेगा पडल्या. माझ्यासाठी हा काळ फार विचित्र होता. प्रयोगाला हवा तसाच ताण मिळत होता, अतिवृष्टी आणि खंड एकाच हंगामात, आणि त्याच वेळी काकांचं आणि माझ्या बाबांचंही पीक वाळत होतं. फोनवर बाबांशी बोलताना मला माझ्या डब्यांबद्दल बोलवायचं नाही. बीबीएफमध्ये १५ ते ३० सेंटिमीटरच्या थरात ओल जास्त दिवस टिकत होती आणि आच्छादन असलेल्या प्लॉटमध्ये भेगा उशिरा पडल्या. दोरी गुंडाळून काढलेल्या सऱ्यांनीही सपाट पेरणीपेक्षा बरी साथ दिली. ज्याच्याकडे ट्रॅक्टर नाही त्याला हे सांगता येईल, म्हणून मला ते जास्त मोलाचं वाटतं.

रोही (नीलगाय) आणि रानडुकरांचा त्रास वेगळाच. काकांकडे झटका मशीन, म्हणजे विजेचा हलका झटका देणारं तारेचं कुंपण, होतं, त्यात आमचे प्लॉटही घेतले. पहाऱ्याची, निदान झटका मशीनच्या तारेची सोय नसेल तर शेतकऱ्याच्या शेतावर प्रयोग मांडू नका.

सप्टेंबरमध्ये पाऊस परत आला आणि त्याबरोबर यलो मोझॅक हा विषाणूजन्य रोग. त्या वर्षी विदर्भात अनेक ठिकाणी सोयाबीन त्यानं पिवळं पडलं. आमच्या प्लॉटांतही आला, सगळ्या उपचारांत, कुठे कमी कुठे जास्त. ऑक्टोबरच्या मध्यात काढणी केली, प्लॉटवार पेंढ्या बांधल्या, प्रत्येकीला चिठ्ठी लावली, मळणी आणि वजनं एकाच दिवशी उरकली.

आकडे संगणकात घातले. ओलाव्यातला फरक सार्थ आला, म्हणजे योगायोगाचा नाही असा. वाहून गेलेल्या पाण्यातही फरक दिसला. उत्पन्नातला फरक मात्र सार्थ आला नाही. बीबीएफची सरासरी वरच होती, पण रोगामुळे प्लॉटा-प्लॉटांत इतका चढउतार झाला होता की तो फरक उपचाराचाच, असं पाच टक्क्यांच्या पातळीवर म्हणता येईना. मी वसतिगृहाच्या गच्चीवर जाऊन रडले. पूर्ण खरीप, एवढे पैसे, आणि शेतकरी पहिला विचारतो तो आकडाच 'असार्थ'. दुसऱ्या दिवशी मॅडमकडे गेले. त्यांनी सारणी शांतपणे वाचली आणि म्हणाल्या, "जे आलं ते लिही. मोझॅकची टक्केवारी प्लॉटवार घेतली आहेस ना? ती शेजारी मांड. वाचणाऱ्याला कारण दिसेल." ती टक्केवारी घ्यायला त्यांनीच सप्टेंबरमध्ये सांगितलं होतं. तेव्हा रोग हा माझा विषय नाही असं मला वाटत होतं. शेतावर जे काही दिसतं ते तारखेसह वहीत घ्या, तुमच्या उद्दिष्टात असो वा नसो.

२०२४ हे वर्ष उरलेले विषय, परिसंवाद आणि सर्वंकष परीक्षेचं. लेखी आणि तोंडी दोन्ही असते, आणि तोंडीत मुख्य विषयाइतकंच गौण विषयातलंही विचारतात. लिखाण मी उन्हाळ्यात सुरू केलं. 'साहित्य आणि पद्धती' हे प्रकरण प्रयोग चालू असतानाच लिहून ठेवलं होतं, आणि त्याचा मोठा आधार झाला. आधीच्या संशोधनाचा आढावा मात्र फार वेळ खातो, कारण तिथे वाक्यं दुसऱ्यांच्या वळणाची होतात आणि वाङ्मयचौर्य तपासणीत नेमकी तीच पकडली जातात. प्रत्येक निबंध वाचून पुस्तक मिटायचं, मराठीत दोन ओळी लिहायच्या, आणि मग त्या ओळींवरून इंग्रजीत लिहायचं, असं मी केलं. माझी तपासणी पहिल्याच वेळी निघाली ती त्यामुळे असं मला वाटतं.

मसुदा मॅडमकडे, मग सदस्यांकडे. प्रत्येकाकडे दोन ते तीन आठवडे धरा. छपाई आणि बांधणी साडेचार हजार. रंगीत पानं वेगळी मोजतात, म्हणून आलेख काळ्या-पांढऱ्यात कळतील असेच काढा. नोव्हेंबरात प्रबंध जमा केला. त्याआधी ग्रंथालय, वसतिगृह, प्रयोगशाळा, भांडार, सगळ्यांचे ना-देय दाखले लागतात. भांडारातून घेतलेलं ऑगर आणि डब्या परत केल्याची नोंद तुमच्यासमोर करून घ्या.

मग बहिस्थ परीक्षकांच्या अहवालाची वाट. यात आपल्या हातात काही नसतं. दीड-दोन महिने मी घरी जाऊन राहिले, बाबांसोबत तुरीच्या शेंगा खुडल्या, आणि काकांसाठी निष्कर्षांची दोन पानं सोप्या मराठीत लिहिली. उत्पन्नाबद्दल जसं आहे तसंच लिहिलं. तोंडी परीक्षा २०२५ च्या सुरुवातीला झाली. बाहेरून आलेल्या सरांनी सर्वात जास्त वेळ खाचांच्या पेटीवर घालवला: खाचा सारख्या आहेत हे कसं तपासलंस, गाळ अडकला तर काय केलंस. ज्याला स्वतः हात लावला होता त्याबद्दल बोलायला अडचण आली नाही. उत्पन्नाच्या प्रश्नाला मी मोझॅकची सारणी उघडून दाखवली.

निकालानंतर तात्पुरत्या पदवी प्रमाणपत्राचा अर्ज लगेच करा. कृषी वैज्ञानिक भरती मंडळाच्या नेट परीक्षेला पदव्युत्तर पदवी लागते, आणि बऱ्याच प्रकल्पांत वरिष्ठ संशोधन सहायक म्हणून मुलाखतीला जाताना हेच प्रमाणपत्र मागतात. माझ्याकडे ते होतं म्हणून मार्चमधल्या एका मुलाखतीला जाता आलं. सध्या त्याच प्रकल्पात, पाणलोटाच्या कामावर आहे. मूळ पदवी दीक्षांत समारंभात मिळते. तिचा अर्ज आणि शुल्क वेगळं असतं, आणि ती सूचना विद्यापीठाच्या संकेतस्थळावर थोडेच दिवस राहते. गावी गेलेला असाल तर वर्गातल्या कोणाला तरी लक्ष ठेवायला सांगून जा.